कोंबडी खात नाहीये, नुसती फुगून बसलीय – काय करू?

सोनचाफा

गुहागरजवळ आमचं घर आहे. परसात सात-आठ कोंबड्या. बहुतेक गावठी, दोन गिरिराज. त्यातली काजळी (काळी, गावठी, दीडेक वर्षाची) काल दुपारपासून दाण्याला तोंड लावत नाहीये. एरवी सकाळी खुराड्याचं दार सरकवलं की हीच पहिली बाहेर येते, बाकीच्यांच्या डोक्यावरून. आज सगळ्या बाहेर पडल्या आणि ही आत कोपऱ्यात पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून. उचलून अंगणात ठेवली तर डालग्याला टेकून उभी राहिली. तांदळाची कणी टाकली, एक दाणा चोचीत धरला आणि सोडून दिला. पाणी मात्र पितेय, जरा जास्तच. अंडी गेल्या आठवड्यापासून बंद आहेत.

सासूबाई म्हणतात हळद-लसूण वाटून गोळी कर आणि घाल घशात. आज रविवार, दवाखाना बंद. उद्यापर्यंत काय करू? कृपया रस्सा-बिस्सा सुचवू नका, घरात लेक रडतेय.

मालवणी मसाला

गो, रवणीर बसली नाय ना ती? आधी ता बघ. आमच्या आवशीन अशी एक कोंबी आजारी म्हणान दोन दिवस औषधा घातल्यान, आणि तिका हवी होती फक्त अंडी.

तिखटजाळ

रस्सा नको तर सुकं करा. :)

घाटावरचा

तिखटजाळ, प्रत्येक धाग्यावर हेच. पुढे चला.

ताई, खुडूक (अंडी उबवायला रवणीवर बसलेली) आणि आजारी यातला फरक सोपा आहे. खुडूक कोंबडीजवळ हात नेला की ती अंग फुगवते, घशातून खर्रखर्र आवाज काढते आणि टोचते. पोटाखाली हात घातला तर तिथली पिसं उपटलेली आणि कातडी गरम लागते. दिवसातून एकदा उठते, घाईघाईत दाबून खाते, एक भली मोठी घाण वासाची शिट टाकते आणि परत जाऊन बसते. डोळे मात्र टक्क उघडे. आजारी कोंबडी मुकाट उचलून घेऊ देते. तुमच्या वर्णनावरून खुडूक वाटत नाही. शेपूट खाली पडलीय का?

सोनचाफा

हो, शेपूट खालीच आहे. आणि उचलली तरी काही म्हणाली नाही. नेहमी हात लावू देत नाही ती.

निवृत्त पशुधन

मी पशुसंवर्धन खात्यात होतो, आता घरी असतो. इथून तपासता येत नाही, पण उद्यापर्यंत काय बघायचं ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे तिला वेगळी करा. पुठ्ठ्याचं खोकं किंवा डालगं, खाली जुना कपडा किंवा वर्तमानपत्र. कागद मुद्दाम सांगतोय, कारण शिट नीट दिसली पाहिजे. पावसाळा आहे, तेव्हा ऊब द्या. साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब खोक्याच्या एका कडेला, म्हणजे नको वाटलं तर तिला दुसऱ्या कडेला सरकता येईल. अंगाला हात लावून 'ताप आहे' म्हणू नका. कोंबडीचं नेहमीचंच तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आपल्या हाताला ती कायम तापलेलीच लागणार.

बाकीच्या कोंबड्या अशक्त कोंबडीला टोचून काढतात, म्हणून ती होता होईल तो दुखणं दाखवत नाही. आपल्याला दिसतं तेव्हा ते बहुधा काही दिवसांचं जुनं असतं. तेव्हा उद्या जायचं ते जायचंच, आज जरा बरी दिसली तरी.

आता हे बघून सांगा. मानेच्या खाली, छातीच्या उजव्या अंगाला दाण्याची पिशवी असते, ती हाताला कशी लागते? रिकामी, फुगलेली, घट्ट, की पाण्यासारखी डुचमळती? चोच उघडून वास घ्या, आंबूस आहे का? शिट कोणत्या रंगाची? पोट मागच्या बाजूला, दोन पायांच्या मध्ये, फुगलंय का? श्वास घेताना तोंड उघडतेय का? बाकीच्या कोंबड्या ठीक आहेत ना?

हळद-लसणाची गोळी तूर्त नको. पिशवीच तुंबलेली असेल तर वरून आणखी एक वस्तू कशाला.

परसबाग पुणे

अंडं अडकलेलं असू शकतं ना? माझ्या एका कोंबडीचं तसंच झालं होतं. ताठ उभी राहायची, पेंग्विनगत, शेपटी खालीवर हलायची आणि जोर करायची. कोमट पाण्याच्या टबात वीसेक मिनिटं बसवली, मग अंधाऱ्या उबदार जागेत ठेवली आणि संध्याकाळी टरफल नसलेलं पिलपिलीत अंडं आलं. त्यानंतर शिंपल्यांचा चुरा कायम वेगळ्या वाटीत ठेवते. फक्त पोट दाबून अंडं बाहेर काढायला जाऊ नका, आत फुटलं तर संपलं.

सोनचाफा

सगळ्यांचे आभार. बघितलं.

पोट मऊ आहे, जोर वगैरे करत नाहीये. श्वास ठीक वाटतोय. शिट हिरवी आणि पातळ, त्यात पांढरं. पण पिशवी मात्र भरलेली आहे! कालपासून काही खाल्लेलं नसताना. लिंबापेक्षा मोठी, हाताला घट्ट कणकेच्या गोळ्यासारखी लागते. दाबलं की बोटाचा खड्डा राहतो. वास थोडा आहे, पण फार नाही. बाकीच्या सगळ्या ठणठणीत.

हिरवी शिट म्हणजे मानमोडी का? फार भीती वाटतेय.

उगाच एक शंका

हिरवी शिट म्हणजे राणीखेतच, तुम्ही म्हणता ती मानमोडी. आमच्या गावात आठवड्यात सगळी खुराडी साफ झाली होती. बाकीच्यांना लगेच लांब न्या.

निवृत्त पशुधन

थांबा. मानमोडीत हिरवी हगवण होते, खरं आहे. पण जी कोंबडी काहीच खात नाही तिचीही शिट हिरवीच होते, कारण आतड्यातून अन्न न येता नुसतं पित्त येतं. मानमोडी असती तर एकटीला धरून बसली नसती. दोन-चार दिवसांत दुसरी, तिसरी लागली असती. धाप, नाकातून शेंबूड, मान वाकडी, पाय-पंख लुळे असं काहीतरी दिसलं असतं. लक्ष ठेवा, पण आज घाबरू नका.

पिशवीवरून मला तुंबल्यासारखं वाटतंय. साधी परीक्षा म्हणजे आज रात्री दाणा पूर्ण बंद, फक्त पाणी. धडधाकट कोंबडीची पिशवी संध्याकाळी टच्च असते आणि पहाटे, काही खायच्या आधी, रिकामी. उद्या उजाडताच हात लावा. तेव्हाही अशीच भरलेली असेल तर खाली काही सरकत नाहीये हे नक्की.

तिने अलीकडे काय गिळलं असेल? लांब सुकं गवत, काथ्या, सुतळी, दोरा?

घाटावरचा

आमच्याकडे अशा वेळी दोन चमचे गोडंतेल पाजतात, कोंबडीला पाय धरून उलटी करतात आणि पिशवी दाबून सगळं ओकायला लावतात. आमचे आजोबा करायचे. कोंबड्या जगल्यात.

निवृत्त पशुधन

जगलेल्या लक्षात राहतात हो. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड उघडं असतं. उलटी धरून पिशवी दाबली की पातळ माल सरळ तिथे जातो. तेल फुफ्फुसात गेलेली कोंबडी मग दुसऱ्या दिवशी 'अचानक' मरते आणि आपण म्हणतो आजार मोठा होता.

पाजायचंच तर असं. एकाने कोंबडी कपड्यात गुंडाळून मांडीवर धरायची, डोकं वर. दुसऱ्याने सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेवर कोमट पाण्याचा एक थेंब सोडायचा. ती स्वतः गिळेल. मग दुसरा थेंब. घशात पिचकारी मारायची नाही. थोडं पाणी गेलं की पिशवी बोटांनी गोल गोल, हलक्या हाताने चोळा, दोन-तीन मिनिटं. गोळा सैल होतोय का बघा. तोंडाच्या दिशेने ढकलू नका. थोड्या थोड्या वेळाने परत. खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब याच पद्धतीने चालतील, चमचाभर नको.

उगाच एक शंका

दुखत असेल तिला. घरातली वेदनाशामक गोळी पाव करून दिली तर? डायक्लोफेनॅक आहे घरात.

निवृत्त पशुधन

अजिबात नाही! याच औषधाने आपली गिधाडं संपली. औषध टोचलेली गुरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी ते बंद झालं ते यामुळेच. कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते विषच. माणसाच्या डब्यातलं काहीही पक्ष्याला देऊ नका, पावही नाही आणि पाव्वाही नाही.

शेडवाला

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझ्याकडे तीनशे पक्षी आहेत. त्यातला एक असा बसला की मी त्याला बाजूला काढतो, संध्याकाळपर्यंत बघतो आणि नाही उठला तर मान मोडतो. एकामुळे शेड जायला नको. चारशे-पाचशेच्या कोंबडीला तालुक्याला रिक्षाने न्यायचं, औषध, परत रिक्षा… हिशोब बसत नाही. गावठी अंडं पंधराला गेलं तरी किती अंडी लागतील काढा.

परसबाग पुणे

शेडमध्ये तुमचं बरोबर असेल. पण तिची लेक रडतेय म्हणून सांगितलंय वर. हिशोब सगळीकडे सारखा कसा असेल?

शेडवाला

म्हणूनच तर म्हटलं राग मानू नका. फक्त एक सांगतो, ती मरायला टेकली तर खोक्यात तडफडत ठेवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून सोडवा. ते मी लेकरांच्या कोंबडीबद्दलही बोलेन.

निवृत्त पशुधन

याच्याशी मी सहमत. आणि तिखटजाळ यांच्यासाठीही एक. आजाराने मरणारी किंवा औषध टोचलेली कोंबडी कापून खायची नाही. 'जाण्याआधी कापू' ही सवय आपल्याकडे घरोघर आहे. नेमकी आजारी कोंबडी सोलतानाच हाताला, विळीला, ओट्याला रोग लागतो.

सोनचाफा

सकाळी पिशवी तशीच. जराही कमी नाही, उलट वास वाढलाय. चोळून थोडी मऊ झाल्यासारखी वाटली, पण आत काहीतरी दोरीसारखं बोटांना लागतं. आता निघतोय दवाखान्यात. पिशवीत घालून नाही, भाजीच्या करंडीत, वर पंचा बांधून.

मालवणी मसाला

देव बरा करो. नीट जा, पाऊस मोठो आसा.

सोनचाफा

आलो परत. सविस्तर लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

डॉक्टरांनी हात लावल्याबरोबर सांगितलं, हे चोळून जाणार नाही. पिसं काढून जागा स्वच्छ केली, सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि आधी कातडीला, मग आतल्या पिशवीला बारीकशी चीर दिली. मी धरून बसले होते, नवरा बाहेर जाऊन उभा राहिला. ती ओरडली नाही, फक्त पाय ताणत होती.

चिमट्याने आधी हिरवट गवताचा गोळा निघाला. वास असा की खिडकी उघडावी लागली. गवत आमच्याच अंगणातलं. गणपतीच्या आधी मशीनने रान कापून घेतो ना, त्याचे वीत-वीत लांब तुकडे तसेच पडले होते. पण गोळा सुटेना, खेचला तरी येईना. मग कळलं, त्याला आतून निळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. अगदी बारीक, चपट्या, केसाच्या गुंत्यागत एकात एक अडकलेल्या. खुराड्यावर पावसासाठी निळी ताडपत्री टाकलीय, तिच्या कडा उसवून सुटलेल्या. एक पट्टी पिशवीतून खाली आत गेलेली होती. डॉक्टरांनी ती ओढली नाही. जपून, थोडी थोडी सैल करत काढली. म्हणाले, झटका दिला असता तर आतडं कापलं गेलं असतं.

पिशवी कोमट सलाइनने धुतली, आतले टाके वेगळे घातले आणि कातडीचे वेगळे. अँटिबायोटिक दिलंय.

परसबाग पुणे

बाप रे. माझ्या गच्चीवरच्या खुराड्यावर अशीच ताडपत्री आहे. आत्ता जाऊन बघते.

घाटावरचा

आमच्यात ब्लेडने चिरून दाभणाने शिवणारी माणसं अजून आहेत. पण आत एक थर, बाहेर एक थर, हे वेगवेगळं शिवायचं असतं हे मला आज कळलं.

निवृत्त पशुधन

डॉक्टर चांगले मिळाले. दोन्ही थर एकत्र शिवले की पिशवी कातडीला चिकटते आणि पुन्हा तुंबते, किंवा टाक्यातून पाणी गळतं. घरी ब्लेड घेऊ नका म्हणतो ते यासाठी.

आता खायला काय? पहिले काही दिवस अख्खा दाणा, मका, भाकरीचे तुकडे, पाव काही नाही. पाव तर पिशवीत जाऊन लगदा होतो. पोल्ट्रीचं खाद्य पाण्यात भिजवून पेजेइतकं पातळ, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून, तेही चमचा-दीड चमचा, दिवसातून चार-पाच वेळा. पिशवी भरू द्यायची नाही. रोज पहाटे हात लावून बघायचं, रिकामी झाली का.

अंडी देऊ लागली तर औषध चालू असेपर्यंत आणि ते संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस खायची नाहीत. कुत्र्यालाही नाही, पुरायची.

सोनचाफा

अंड्याचा बलक कोंबडीलाच घालायचा हे सासूबाईंना पटत नाहीये, पण घालतोय. :)

आज तिने वाटीतलं स्वतःहून खाल्लं. शिट तपकिरी झालीय आणि वर पांढरी टोपी आहे. शिट बघून इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

भीमथडी

इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. आमच्याकडे बारामतीकडे परसातल्या पंधरा-वीस कोंबड्या. परवा एक मेली, काल दोन. खात नाहीत, मान मागे वळते, हिरवं हगतात, तोंड उघडून श्वास घेतात. पिशवी बघितली, रिकामी आहे.

निवृत्त पशुधन

वर जे 'थांबा' म्हटलं होतं ते इथे म्हणणार नाही. मानमोडीसारखं दिसतंय. पण बर्ड फ्लूही असाच दिसू शकतो, आणि तो फरक घरी बसून कुणालाच कळत नाही. लगेच सरकारी दवाखान्यात कळवा, किंवा 1962 या नंबरवर. 2006 मध्ये नवापूरला काय झालं ते आठवत असेल. देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. कळवलं की सगळ्या मारतील या भीतीने लोक गप्प बसतात आणि मग ते अख्ख्या तालुक्याला भोवतं.

मेलेल्या उघड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि खोल खड्डा, वर चुना. डॉक्टर येईपर्यंत एक-दोन ठेवाव्या लागतील नमुन्यासाठी, त्या झाकून. राहिलेल्या विकू नका, पाहुण्यांना देऊ नका. तुमच्या चपला शेजाऱ्याच्या खुराड्याशी नेऊ नका. मानमोडीवर औषध नाही, लस आहे. ती आधीच द्यायची असते.

भीमथडी

लस मागितली होती वैशाखात. औषधाच्या दुकानात म्हणाला शंभर कोंबड्यांची बाटली येते, फोडली की संपवावी लागते. वीस कोंबड्यांसाठी कुठे घ्यायची, म्हणून राहिलं.

शेडवाला

हेच सगळ्यांचं होतं. आमच्या वस्तीवर आम्ही वार ठरवतो. एक जण बाटली आणतो बर्फाच्या थर्मासमध्ये, आणि संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या कोंबड्या खुराड्यात धरून ठेवायच्या. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी ही दुसरी लस, पंखाखाली टोचून. बाटली कालवली की तास-दोन तासांत संपवायची. माझ्या शेडवर आलेला माणूसच वस्तीतल्या परसातल्याही करतो. त्यात माझाच स्वार्थ आहे, तुमची कोंबडी वाचली तर माझी तीनशे वाचतात.

आजारी किंवा सुकलेल्यांना लस देऊ नका मात्र. आणि आता साथ चालू असताना काय करायचं ते डॉक्टर येऊन ठरवतील.

भीमथडी

कळवलंय. दुपारपर्यंत येतो म्हणालेत.

सोनचाफा

भीमथडी, काय झालं ते इथे लिहा नक्की.

आमची काजळी आता जवळजवळ बरी आहे. ताडपत्री काढून पत्रा घातला. गवताचे तुकडे गोळा करून गोठ्याकडे टाकले. पण नवीनच भानगड. दिवसा बाकीच्यांत सोडली तर त्या गिरिराज दोघी तिला धरून धरून टोचतात. टाक्यांच्या जागी पिसं नाहीत, लाल दिसतं, नेमकं तिथेच. आठवड्यापूर्वी हीच त्यांना हाकलत होती!

घाटावरचा

जागा गेली तिची. बाहेर राहिली तेवढ्यात वरचा नंबर दुसरीने घेतला.

निवृत्त पशुधन

लाल दिसलं की टोचणारच. जखम भरेपर्यंत एकत्र सोडू नका. तिचं डालगं त्यांच्या मध्येच ठेवा, दिसू दे पण पोचू देऊ नका. जखम सुकली की एका रात्री, पूर्ण अंधार झाल्यावर, हळूच दांडीवर बाकीच्यांच्या मध्ये बसवायची. सकाळी सगळ्या एकत्र उठतात तेव्हा मारामारी कमी होते. त्या दिवशी खाद्याच्या वाट्या दोन-तीन ठेवा, लांब लांब, म्हणजे एकीवर उभं राहून बाकीच्यांना अडवता येणार नाही.

सोनचाफा

करते तसं. शेवटची शंका काका, कातडीचे टाके आपोआप गळतात की काढायचे? डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

निवृत्त पशुधन

धागा विरघळणारा असेल तर गळतील. ते डोळ्यांनी बघून कळत नाही, फोन करून विचारा. न विरघळणारा असेल तर दहा-बारा दिवसांनी नेऊन काढून घ्या. घरी कात्री नको. तोवर त्या जागेला पाणी लावू नका आणि राखेत लोळू देऊ नका.